नारळावरचा जोड

ता. २४ ऑक्टो. १९६०, नागाव
काल रविवार. संध्याकाळी मोंबासाहून करीमभाई बिनतारीवर लागले. अण्णांचे बोटीवरचे जुने जोडीदार, मूळचे बोर्ली पंचतनचे. दोघं जन्मभर जहाजांवर बिनतारीवाले. आता म्हातारपणी लायसनचा सेट घेऊन दर रविवारी टिकटिक करत बोलतात. मला त्यातलं काही कळत नाही, मी अण्णांचं तोंड बघतो. काल तोंड उतरलं. करीमभाईंच्या पोटाचं ऑपरेशन ठरलंय. म्हणाले, वाचलो तर १३ नोव्हेंबरच्या रविवारी याच वेळी हाक मारीन. पुढं आणखी काही सांगत होते. तेवढ्यात पावसाची सर आली आणि आवाज खरखरीत बुडाला.
अण्णा कानावरचं काढून म्हणाले, "नारळावरच्या जोडात पाणी शिरलंय. झाड वाळलं की चढ."
जेवण गेलं नाही.

ता. २५
चढलो. 
आमच्या माणदेशात विहिरी. खाली उतरायला मी कधी भ्यालो नाही, सुरुंगाच्या भोकात हात घातलाय. पण नारळ हलतो. वारा नसताना पण हलतो. नारळ पाडणाऱ्याला बोलवा म्हटलं, तर मागं त्याच्या कोयत्यानं वायर तुटलेली. तेव्हापासून अण्णा त्याला त्या झाडाला शिवू देत नाहीत. त्यांचा स्वतःचा पाय अधू. राहिलो मी, त्यांच्या वाडीला पाणी लावायला ठेवलेला गडी.
शेजारची यमूआक्का आमचं रांधते. ती खाली कमरेवर हात ठेवून उभी. "अरं घाट्या, झाराला एवरी मिठी मारतंस, लगीन लावलंय का त्याच्याशी?"
शेंड्याला सुपारीचा सोट बांधलाय. त्यावरून एरियलच्या दोन तारा दोन्हीकडं उतरतात. खालच्या सेटपासून वर आलेली काळी जाड केबल त्यांना जिथं पेचानं बसते, तो जोड. उघडला तर हिरवं पाणी गळलं. केबलच्या आत तांब्याची जाळी असते. वातीत तेल चढावं तसं पाणी जाळीत शिरत गेलेलं. हातभर काळी पडली. तेवढी कापली. मिलिट्रीच्या जुन्या मालातली केबल आहे, दुसरी मिळायची नाही.

ता. २८
अक्षीला किनाऱ्यावर होड्यांचा सुतार बघत बसलो. फळ्यांच्या फटीत सूत ठासतो, वरून राळ आणि तेल. पाणी आत जायची टाप नाही म्हणाला. डोक्यात बसलं. होडी समुद्रात राहते, आपला जोड तर नुसता हवेत. वाडीत काथ्या पडलेला होता. जोडाला गच्च गुंडाळला, वरून डांबर. अण्णांना सांगितलं होडीसारखं केलंय. हसले. बघू म्हणाले.
उतरताना पाय सुटला, छाती सोलली. पण मनात एकच, आता परत चढायला नको.

ता. १ नोव्हें.
सेट मेला. पाऊस नाही, नुसतं दव. परत वर. जोड उघडला, आत सगळं हिरवं.
काथ्या खाली आणला. अण्णांनी जिभेला लावला आणि थुंकले. कुठला काथ्या म्हणून विचारलं. म्हटलं, खाडीत कुजवलेला, वाडीत बांधाबांधीला आणतो तोच.
"मीठ गुंडाळलंस तू जोडाला, शिवा."
मीठ हवेतलं पाणी ओढतं. डांबरानं ते आतच कोंडलं. होडीचं लाकूड ओलं होऊन फुगतं, फट उलट मिटते. तांबं नुसतं सडतं. हे सगळं अण्णांनी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.
आणखी हातभर कापली. आता खिडकीपर्यंत जेमतेम पोचते. अजून एकदा कापायची वेळ आली तर संपलं. तेरा तारखेला तिकडून हाक आली आणि आमच्याकडं केबलच तोकडी, तर...
बोचकं बांधून निघून जावं वाटलं. दिघीच्या लाँचवरची नोकरी अशीच सोडली होती. त्याआधी मुंबईची खानावळ. बांधलं पण. मग सोडलं.

ता. ४
अण्णांनी खुर्ची झाडाखालीच मांडली. केबलचं टोक दिवसभर उन्हात. ओला फडका लावायचा नाही, विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ. कडक वाळल्यावर कथलाचा डाख दिला. मग मी वर. पेच आवळला, ग्रीस, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, त्यावर काळी टेप. टेप मी वरून खाली गुंडाळत होतो. खालून आवाज आला.
"कौलं कुठून लावतात रे?"
"वळचणीकडून."
"मग?"
उलगडली. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. एका हातात झाड, एका हातात टेप, टेपचं टोक दातांत. एकदा खाली बघितलं. बघायला नको होतं. खुर्ची काडेपेटीएवढी, अण्णा दिसेचनात.
खिडकीपाशी केबलला झोल द्यायचा असतो, थेंब बाहेरच टपकावा म्हणून. तेवढी उरलीच नाही. आत टेबलाखाली तांब्या ठेवलाय.

ता. ६, रविवार
करीमभाई आज नसणारच. तरी अण्णा बसले. माझ्या कानाला लावून दिलं. बारीक, स्वच्छ टिकटिक. आफ्रिकेकडचाच कुणी आहे म्हणाले. म्हणजे वाट मोकळी आहे.

ता. ९
दुपारी पाऊस झोडपून गेला. तांब्यात पाणी, सेट ठणठणीत. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. यमूआक्का म्हणाली, घाटी आता बायको नांदवाया शिकला.

ता. १३, रविवार
नाही आली हाक.
अण्णा उन्हं असल्यापासून बसलेले. करीमभाईंची वेळ गेली. मग अण्णांनीच हाका मारल्या, परत परत. मला टिकटिक कळत नाही, पण करीमभाईंच्या नावाचा ठेका आता पाठ झालाय. दुसरे लोक लागत होते. दिवे लागले तरी अण्णा उठले नाहीत. यमूआक्कानं ताट झाकून ठेवलं.
म्हणाले, दव पडलं असेल जोडात. मी होय म्हटलं.

ता. १६
आज धीर करून म्हटलं, मोंबासाला तार करू. मी अलिबागला जाऊन करतो.
अण्णा म्हणाले, "तारेला उत्तर येतं, शिवा."
तेव्हापासून रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की तिकडूनच तार आली म्हणून मी बाहेर जाऊन बघतो. आज दोनदा गेलो. एकदा पाववाला, एकदा मास्तर.

ता. २०, रविवार
आज कुणीच नीट लागलं नाही. नुसती खरखर, लांब कुठंतरी कोणी पुसट. आणि अण्णा खूश. खरंच खूश. यमूआक्काला हाक मारून चहा करायला लावला. मला म्हणाले, बघ, म्हणजे गेल्या रविवारीसुद्धा जोडच खराब असणार. करीम बोलावत असेल आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल. उद्या चढ.
अण्णा म्हणाले, हवा खराब असली तरी अशीच खरखर येते. पण बोलून लगेच सोडून दिलं.

ता. २१
सकाळी चढलो. आज झाडाचं भय वाटलं नाही. वर जाईपर्यंत एकच घोकत होतो, पाणी असू दे. हिरवं असू दे. केबल कापावी लागली तर लागू दे, कुठून तरी आणू.
टेप उलगडली. ट्यूब काढली. पेच सोडवला.
आत कोरडं. तांबं नव्या नाण्यासारखं. बोट फिरवलं, जिभेला लावलं. नुसती ग्रीसची चव.
खालून अण्णांनी विचारलं, "पाणी आहे ना रे?"
झाड धरून बसलो. मग होतं तसं सगळं बंद केलं, खालून वर, एकेक वेढा. त्याला जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा जास्त लावला.
उतरलो. अण्णा झाडाला टेकून उभे. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्यात नवी टेप, कात्री खिशात. माझ्याकडं बघतायत.
मी म्हटलं, हात धुऊन येतो.
विहिरीवर बसून हे लिहितोय. अण्णा अजून झाडाखालीच आहेत.