धवल्याला मी बसले

आये, भावाच्या पोराची हळद परवा मानपाड्याला झाली आणि धवला मी गायले. हसू नकोस. तू गेल्यापासून आपल्या घरच्या लग्नांत आंबिवलीकडची एक म्हातारी धवला गायला यायची. यंदा तिचा गळा बसला, तेव्हा भाऊ म्हणाला, रेकॉर्डिंग मिळतं, मोबाइल डीजेच्या बॉक्सला जोडू. माझं डोकंच फिरलं. देवांना आणि घरच्या माणसांना लग्नाचं आवतण गाऊन द्यायचं, ते मोबाइल देणार? मग पाटावर पण मोबाइललाच बसव, म्हटलं, धवला मी गाते. सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. शाळेत मराठी शिकवलेली, घरातही सगळ्यांची भाषा सुधारत फिरणारी मी. मला धवला येतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

न यायला काय झालं? लहानपणी मांडवात तुझ्यामागे बसून दुसरी ओळ मीच ओढायचे ना! तू मला अजून तशीच दिसतेस. बाहेर बँडवाले खोळंबलेत, नवऱ्याचा मामा येरझाऱ्या घालतोय, आणि तू पान जमवत म्हणतेस, "मना घाई नाय. ज्याला हाय त्यानी जेवून घ्यावा." घरी मात्र तांदळाच्या भाकऱ्या थापताना मी एकदा तेच गुणगुणले, तर पिठाच्या हाताने पाठीत धपाटा घातलास. लग्न नसताना आवतण दिलं तर देव येऊन बसतील कुठं, म्हणालीस. तेव्हा भारी राग आलेला. पुढे मी वर्गात व्याकरणाचे ढीगभर नियम शिकवले, पण इतकं सरळ कारण एकालाही नव्हतं.

मध्यंतरी दक्षिणेत फिरून आले. देवळादेवळांत गाइड खांबांवर हात ठेवून इतिहास सांगायचा. आपण खाडीकाठच्यांनी कशावर हात ठेवायचा गं? मिठागरं बुजली, भातशेतीवर टॉवर उभे राहिले, त्यातल्याच एकात मी राहते आणि लिफ्ट बंद पडली की शिव्या घालते. लोकांना आपल्या हळदीत फक्त सोनं आणि डीजे दिसतो. दिसू दे. धवल्यात अजून खाडी आहे, बांध आहे, गावदेवीचं जुनं ठिकाण आहे. तेवढं बिल्डरला विकता आलं नाही, कारण ते बायकांच्या गळ्यात होतं. मी काही त्यासाठी रडत बसत नाही, गाते.

तर परवा भाचा कानाशी आला, "आत्या, पाच मिनिटांत आटप ना, पब्लिक थांबलीये." गप बस, म्हटलं, अंगावरची हळद वाळू दे. डीजे बंद करायला लावला आणि सगळा धवला म्हटला. शेजारी बसून काकी दुसरी ओळ ओढत होती. गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, खंडोबाला बोलावलं. आवाज एकदाही फाटला नाही. आंबिवलीची म्हातारी खुर्चीत बसून मान डोलवत होती, आणि मला फार, फार बरं वाटलं.

देवांनंतर घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. आजाला हाक मारली, आजीला मारली, बाबांना मारली. पुढचं नाव तुझं. काकी माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी सरळ पुढचं कडवं धरलं. नंतर कुणी विषय काढला नाही. शाळेतल्या बाई एवढ्या गोंधळात विसरल्या असतील, असं सगळे समजले. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते, मी विसरले नव्हते. त्या ओळीत मेलेल्यांनाच बोलवतात, आये. तुला त्यांच्यात बसवायला माझी जीभ रेटली नाही.