सतरा नंबरचा बिल्ला

२ मार्च, सोमवार
निवृत्त होऊन दोन वर्षं घरात बसले होते, आज पुन्हा कामावर! कारखान्यात एकतीस वर्षं हत्यारखाना सांभाळला. आता कारा-बाल्टा शहरातल्या तंत्रशाळेतली बांधकाम-साहित्याची प्रयोगशाळा सांभाळायची. तेरा तारखेला तपासणी समिती येणार आहे. तोवर शिस्त लागली नाही, तर प्रयोगशाळेला कायमचं टाळं. प्रमुख तोलोगोन म्हणाले, बुबुसारा एजे, आता तुम्हीच तारा. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ‘एजे’ म्हणत माणूस गोड बोलतो, म्हणजे आळशी असणार. मदतनीस आयजामाल चाळिशीची, हसरी. माझ्यासाठी पिठाचे गरम बोर्सोक तळून आणले होते. खोलीत उजेड भरपूर. मजेत झोपेन आज.

३ मार्च
मजा संपली. वाळूच्या चाळणीत सूर्यफुलाच्या बिया! हातोडी खिडकीला अडसर म्हणून, आणि वजनकाट्यावर कोणाची तरी टोपी. विचारलं, तर म्हणे ‘ती तिथेच असते, एजे.’
भिंतीवर फळा ठोकला, प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली. प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला दिला: हत्यार न्या, त्या जागी बिल्ला लावा, वहीत सही करा. माझा त्रेचाळीस. कोणी यंत्राच्या आत शिरणार असेल, तर त्याने यंत्राच्या खटक्यावर बिल्ला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे मी शेकडो पोरांना शिकवलंय.

५ मार्च
कोपऱ्यात विटा वाफवायची लोखंडी टाकी आहे, वाकून आत जाता येईल एवढी. सगळे तिला चार हात लांबून वळसा घालतात. तिच्या खटक्यावर एक हिरवट पडलेला बिल्ला: सतरा. पटावर सतरा नंबर कोणाचाच नाही. आयजामाल म्हणाली, राहू द्या एजे, तो कायमचा आहे. मी म्हटलं, हे काय संग्रहालय आहे? काढला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. बाईने हातातला चहा तसाच ठेवला.
मग नवा नियम भिंतीवर लावला: वहीत त्या दिवसाची सही नसलेला बिल्ला सकाळी दहाला आयजामालने काढून टाकायचा.

९ मार्च
महिला दिनाची सुट्टी घेऊन आले, तर मोठा पाना गायब. जागेवर सतरा! भंगारवाल्याने तर शुक्रवारीच डबा रिकामा केला होता. थट्टा करता माझी? सगळ्यांना उभं करून झाडलं. दहा वाजून गेले तरी बिल्ला लटकतोय, म्हणून आयजामालला वेगळं झाडलं. ती डोळे पुसत म्हणाली, पुन्हा चूक नाही होणार, एजे.

१० मार्च
पहार गेली. टॉर्च गेला. दोन्ही जागी सतरा. कुलूप माझं, किल्ली माझ्या गळ्यात, दारावरचं मेणाचं सील शाबूत. मी कोणावर ओरडू?

११ मार्च
म्हाताऱ्या पहारेकऱ्याला धरलं. म्हणाला, सतरा म्हणजे कुबात, इथला यंत्रं जोडणारा जोडारी. एकोणनव्वद साली टाकी खरवडायला आत गेला. संध्याकाळी दार उघडलं, आत कोणी नाही. फाटकाच्या वहीत आल्याची नोंद, गेल्याची नाही. मग ठरलं, ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. तोवर टाकी बंद. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘छत्तीस वर्षं कोणाला हात लावावासा वाटला नाही, बाई.’
थापा, म्हटलं.
टाकीला कान लावला. आत कानस चालते. चार घासे, विश्रांती. चार घासे. कामाला वाघ असलेल्या माणसासारखी.
कानस फळ्यावरून कधी गेली?

१२ मार्च
तोलोगोन उद्या सव्वादहाला समितीसमोर टाकी चालवणार. मी म्हटलं, आत माणूस आहे. त्यांनी दार उघडून उजेड मारून दाखवला. रिकामी. हसले. ‘एजे, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.’ बाकीचे खोकल्याचं निमित्त करून हसले. मूर्ख!
दार लागलं आणि आतून ठोकलं. तीनदा. माझ्याशिवाय एकानेही मान वळवली नाही.
त्याचा बिल्ला मी काढला. वाफ सोडली, तर तो माझ्यामुळे —

१३ मार्च, साडेनऊ
कोणी ऐकत नाही. मीच आत जाऊन त्याला बाहेर काढते. खटक्यावर माझा बिल्ला लावला. त्रेचाळीस. दोनदा वाचला.

आत
दार मागे लागलं. मी ओढलं नव्हतं.
टॉर्च सापडला. पाना, पहार, कानस भिंतीशी. प्रत्येकाभोवती खडूची आकृती. माझ्यासारखीच, नीटनेटकी. शेवटी एक मोठी आकृती. वाकून बसलेली बाई.
माणूस नाही. कोणीच नाही —

ठोकतेय. पान्याने. पहारेने. त्यांना ऐकू येत नाही, मला त्यांचं सगळं ऐकू येतं. समिती आली. तोलोगोनचं हसणं. कोणी तरी विचारतंय, एजे कुठे? दुसरा म्हणतो, रुसल्या असतील.

बाहेर, दाराला लागूनच, एक माणूस खाकरला. पावलं टाकतोय. जड बूट. फाटकाकडे —
कुबात! अरे, थांब —

आयजामाल आली. खटक्यापाशी. माझा नंबर तिला पाठ आहे, ती हात लावणार —
म्हणतेय, ‘अगं बाई, परत हा सतरा?’
नाही. त्रेचाळीस. आयजामाल, त्रेचाळीस आहे, नीट वाच —
‘वहीत सही नाही. दहा वाजलेत. एजेंनी बजावलंय.’
काढू नकोस, बाळ, मी आहे, मी —
डब्यात पितळ वाजलं.
तोलोगोन म्हणतात, पाहुण्यांनो, जरा मागे सरका. खट —
पायाला गरम