उतारावर जाण्याआधीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, अविवाहित, ट्रकचालकाची थोरली मुलगी, आमच्या घरात शाळा पुरी करणारी पहिली. मला ताप नाही, कोणी भरीस घातलेलं नाही, सकाळपासून चहाखेरीज काही प्यायलेली नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंवरून कोणाचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून ही वाटणी राजीखुशीने आज सोमवारी लिहून ठेवते.

आजच का, याचा खुलासा करणं भाग आहे. आमचा ट्रक लहान आहे, एकोणतीस वर्षांचा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सहा वर्षांपूर्वी लांब उतारावर ड्रम तापले, पेडल तळाला गेलं आणि बाबांनी ट्रक मुरुमाच्या ढिगात घातला. ट्रक वाचला, बाबांचा गुडघा गेला. मी डिप्लोमा घेऊन घरी आले, तेव्हा कागद बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "एवढी शिकलीस, तर सांग. याच कंपनीच्या नव्या गाड्यांना पुढे डिस्क येतात. आपल्या म्हातारीला बसतील का?" मला माहीत नव्हतं. पण इतका चांगला प्रश्न मला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

उत्तराला चौदा महिने लागले. भंगारवाल्यांकडे मोजमाप घेत फिरले. अकरा वर्षांनी नव्या मॉडेलच्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर आमच्या ॲक्सलला चाकाच्या सांध्यासकट बसतात. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मात्र सात वर्षांनी नव्या मॉडेलचाच हवा. त्यानंतरचा घेराने मोठा, बॉनेटला थटतो. मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय दाबला की चाकांकडे तेल ढकलतो तो, आमचा जुनाच ठेवला. रिकामी गाडी आवारात चाळीस वेळा थांबवून पाहिली. मंगळवारी सकाळी मी आणि बाबा माल भरून त्याच उतारावरून उतरणार. चालवणार मी, कारण गुडघा माझा धड आहे. माझे मामा मिस्त्री आहेत, जोडणी त्यांच्या वर्कशॉपात झाली. ते म्हणतात, "अगं, मृत्युपत्र दात पडल्यावर करतात." पण मापं मी घेतली आहेत. चुकली तर चूकही माझ्याच नावावर यावी.

कलम १. माझा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर मामांना. त्याने रंगाचे डबे उघडू नयेत. मी पाहिलं आहे. मामांना वाटतं पाहिलेलं नाही. यामुळे मामांना साक्षीदार होता येत नाही, कारण ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये. मामा म्हणाले, "मग मला काही देऊ नकोस, सही करतो." दिलेलं आहे.

कलम २. पुस्तकं, टेबल आणि खिडकीकडची झोपायची जागा धाकटीला. पुढे शिकायचं की नाही ते तिने ठरवावं. मात्र "ताईचं काय झालं बघितलंस ना," हे वाक्य तिच्यासमोर कोणी उच्चारू नये.

कलम ३. वरील वाक्य आत्याच उच्चारील. "गाडीखाली झोपणारी मुलगी कोण करून घेणार?" हेही तिचंच. तिला माझा कामाचा डगला, धुऊन. तीन वेळा धुतला, डाग गेलेले नाहीत, याबद्दल क्षमस्व.

कलम ४. बँकेत आहे ते आईला. तिने त्यातून शिलाई मशीनला मोटर बसवावी. कोणाला विचारू नये, आणि "असू दे, पायाने चालतंय," असं म्हणू नये.

कलम ५. माझी मापांची वही. हे कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मी नसले तरी चाकं उघडावीत. डिस्कवर घासणाऱ्या पॅडवर काचेसारखी चमक आली का, डिस्क निळी पडली का, तेल काळं झालं का, हे मामांनी बघावं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावं. "नशीब" हा शब्द वहीत लिहू नये. त्याला माप नाही.

कलम ६. जुन्या भागांचा डबा. वर्कशॉपचा नियम असा की काढलेला लहान भाग फेकायचा नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मामा वर उभे राहून टाकत, मी गाडीखाली पडून आवाजावर, काढायच्या भागांच्या यादीत खूण करत असे. डबा कोणाला द्यायचा तर आत काय आहे ते नोंदवायला हवं, म्हणून तो कागदावर उपडा केला. यादीत अठरा खुणा, कागदावर अठरा वस्तू. बरं वाटलं. मग एकेकीचं नाव लिहू लागले: चाकांचे सिलिंडर दोन, स्प्रिंगा आठ, पिना चार, पितळी बूच एक, लॉक रिंगा तीन.

यादीत रिंगा दोनच आहेत.

आणि यादीत एक रबरी झडप आहे, ती कागदावर नाही. ती मास्टर सिलिंडरच्या पुढच्या तोंडात असते. पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब धरून ठेवते. ड्रमला तो दाब लागतो. डिस्कला तो घातक: पाय नसतानाही पॅड घासत राहतात, तापतात, आणि भरल्या गाडीने लांब उतार उतरताना तेल उकळून पेडल पुन्हा तळाला जातं. आवारात हे कधीच कळलं नसतं.

झडपेपुढे माझ्या हातची खूण आहे. पण रबर पत्र्यावर पडताना वाजत नाही. मी टण् ऐकलं होतं.

इथे लिहिणं थांबवून मी धावले.

"मामा, पुढच्या तोंडातली झडप काढली होती?"

"तू खूण केलीस की!"

"मी आवाजावर केली."

"ती रिंग असेल, झिजलेली. बदलली मी." मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "आणि झडपेचं मी तुझ्या खुणेवर सोडलं."

बाबा स्टेपनीवर बसले होते. म्हणाले, "दोघंही शहाणे. उघडा आता."

झडप होती, बोटाच्या पेराएवढी, काळी. मामांनी ती डब्यात टाकली. आम्ही तिघांनी कान दिले. काही ऐकू आलं नाही.

"आता तरी फाड तो कागद," मामा म्हणाले. फाडला नाही. या कागदापायीच डबा उपडा झाला. डबा आत्ताच्या एकोणीस वस्तूंसह वर्कशॉपकडेच राहावा. यापुढे खूण बघून करावी, ऐकून नव्हे.

कलम ७. बाबांना वाचता येत नाही, म्हणून इथवरचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सगळ्यांना काही ना काही आहे. मला?"

"तुम्ही माझ्या शेजारी असणार ना, म्हणून काही ठेवलं नाही."

बाबा गुडघा चोळत राहिले. मामा म्हणाले, "दाजी, खाली थांबा, काहीतरी पदरात पडेल." कोणी हसलं नाही.

मी विचार केला. ट्रक त्यांचाच आहे, तो मी देऊ शकत नाही. प्रश्नही त्यांचाच होता. म्हणून बाबांना मी उत्तर देते. त्यांनी उताराच्या पायथ्याशी उभं राहावं, गाडी थांबली की पुढच्या चाकांपाशी वाकावं आणि वास घ्यावा. ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा वास त्यांच्याइतका कोणाला ओळखता येत नाही. ते काय म्हणतील ते वहीत उतरवावं. मी असले तर मी उतरवीन.

दुरुस्ती: वरील खुलाशात "मंगळवारी" ऐवजी "बुधवारी" वाचावे, कारण सिलिंडर उघडल्याने ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा पुन्हा काढायची आहे. तसेच "मी आणि बाबा" ऐवजी "मी" वाचावे. दुसऱ्या दुरुस्तीला बाबांची हरकत आहे. ती नोंदवली आहे, मान्य केलेली नाही.

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघांदेखत तिने सही केली. आम्हाला यातलं काही मिळत नाही.
साक्षीदार १: शेजारचा लेथवाला (सही)
साक्षीदार २: समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

स्थळ: वर्कशॉपमधलं बाक
दिनांक: चौदा, सोमवार, दुपारी चार