पेटीच्या पाठीचं भोक

कातळवाडी, रत्नागिरी
८ नोव्हेंबर २०२५

चि. दीपक यास,
मथुरावहिनीचे भरपूर आशीर्वाद. वि. वि. पत्र बघून दचकू नको, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू नुसता हो-हो म्हणतोस, म्हणून कागद.

तुझ्या दोन्ही स्पीकरच्या पेट्या एसटीतून धड पोचल्या. हार घातला, नारळ फोडला, धाकूबुवांनी दत्ताच्या देवळात लावून भजन म्हटलं. काय सांगू! पखवाज असा घुमला, जसा पिंपात रेडा शिरला. अभंगाचा एक शब्द कळेना. बुवा म्हणाले, दत्तजयंतीच्या सप्ताहाला आपला जुना कर्णाच बरा.

मी हसले, पण तुझं बोलणं आठवलं. पेट्या गावाला पसंत पडल्या तरच नोकरी सोडून आपल्या पडवीत कारखाना घालीन, असं तूच बोलला होतास. मी पडवीतली लाकडं हलवली, आता परत भरू काय?

आणि पेटीच्या पाठीला एवढं भोक कशाला रे? प्लाय कमी पडला?

उत्तर येईपर्यंत माया आहे तेवढीच राहील, वाढणार नाही.
तुझी,
मथुरावहिनी

नालासोपारा
१५ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
दीपकचा शि. सा. न. वि. वि. प्लाय कमी पडला नाही. त्या भोकाला पोर्ट म्हणतात. स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो तशी मागेही ढकलतो. ती मागची हवा पोर्टातून बाहेर येते आणि बेसला, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाला, जोर देते. पोर्ट पुढे ठेवला असता तर पेटीतला गोंगाट गाणाऱ्याच्या आवाजात मिसळला असता. महिनाभर डोकं लढवून मी तो पाठीला घेतला.

पण पाठ मोकळी हवी. तुम्ही पेट्या कोपऱ्यात भिंतीला टेकवल्या असणार, मग बेस अंगावर येणारच. हातभर पुढे ओढा. आणि भोकात काही कोंबू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

बुवांनी नापास केलं तर मी इथल्या फर्निचरच्या कारखान्यातच राहणार. निशिगंधाने मात्र आताच बांधाबांध सुरू केली आहे, तुझ्यासारखीच बायको मिळाली मला.

ओरड, पण विसरू नकोस.
तुझा,
दीपक

कातळवाडी
२२ नोव्हेंबर

चि. दीपक यास,
आशीर्वाद, निशिगंधाला थोडे जास्त. तुझं पत्र बुवांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, भजनाच्या दोन रांगांमधून पालखी जाते. पेटी हातभर पुढे आली तर पालखीचा दांडा अडणार. देव काय पेटीला वळसा घालणार? आणि आपल्याकडे भिंतीपासून हातभर पुढे असतं तरी काय? कपाट, पिंप, म्हातारे, सगळे टेकूनच. तुझा दादा टेकायचा तिथे भिंतीला तेलाचा डाग आहे अजून.

आता कबूल करते. तुझं पत्र यायच्या आधीच एका भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं. ते काढलं आणि दादाची माकडटोपी गुंडाळून तिथे कोंबली. दुसऱ्यात त्यांचा मफलर. गुरुवारी भजन झालं, आणि पखवाज शुद्धीवर आला! शब्द न् शब्द कळला. बुवांनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हटलं, पत्र वाचलं ना, त्यानेच. बुवांनी तुझ्या पत्राला हात जोडले रे! सप्ताहाला तुझ्याच पेट्या.

तुझी अब्रू टोपीला टांगलेली आहे, जपून बोल.
मथुरावहिनी

नालासोपारा
२८ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि. हसावं की कपाळ बडवावं, कळेना. या कामासाठी विकतचं बूच मिळतं, तू टोपी घातलीस. बेस थोडा गेला असेल, पण भिंतीजवळ तेच बरं.

चूक माझीच. मी रिकामी खोली धरून पेटी बनवली. मधून पालखी जाणार, हे मी धरलंच नाही. नव्या पेटीत पोर्ट पुढे, खालच्या बाजूला घेतोय. तोंड रुंद आणि गोल, म्हणजे हवा फुसफुसणार नाही. गोंगाट गिळायला आत जाड अस्तर.

पण बुवांना खरं सांग. पत्राने पेटी दुरुस्त झाली असल्या थापेवर मला कारखाना नको. मग ते नको म्हणाले तरी चालेल.

रागावू नकोस, तुझ्याच हातचं खाऊन वाढलोय.
दीपक

कातळवाडी
५ डिसेंबर

चि. दीपक यास,
अनेक आशीर्वाद. काल दत्तजयंती झाली. पालखी मधून गेली, पेटीला धक्का नाही. आरती आटोपल्यावर मी सगळ्या वाडीसमोर उठले आणि दोन्ही भोकांतून टोपी आणि मफलर ओढून काढला. पखवाजावर थाप पडली, रेडा परत आला. पुन्हा कोंबलं, रेडा गेला. मग सगळं खरं सांगितलं.

बुवांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मला वाटलं, गेला तुझा कारखाना. मग म्हणाले, हा माणूस जिवंत होता तोवर दर गुरुवारी भजन बेसूर करायचा, आता त्याच्याच टोपीने सुरात आणलं. देऊळ हसलं. माझेही डोळे पाणावले, पण ते धुपाने.

पुढे भोक असलेल्या पेट्या शिमग्याला हव्यात, असं त्यांनी सांगितलंय. त्या इथे बसून कर, तिथून पाठवायच्या नाहीत. पडवी सारवून घेतली आहे. नव्या पेट्या झाल्या की टोपी मोकळी होईल. पडवीत पहाटे गार वारा सुटतो, तेव्हा ती तुझ्या डोक्यावर येईल.

आता पत्राचं उत्तर नको, माणूस पाठव.
तुझी,
मथुरावहिनी