परतीचा रकाना

३ जून
आले एकदाची! दीपगृह बंद होऊन चार वर्षं झाली, पण पायऱ्यांनी दम काढायचं सोडलेलं नाही. एकशे अठरा, मोजल्या. संग्रहालयासाठी याचा इतिहास लिहायचाय. म्हाताऱ्या दिवेवाल्यांनी किल्ल्या दिल्या आणि नोंदवह्यांचे चार गठ्ठे. पानोपानी दोन रकाने : होडी निघाली, होडी परतली. परतलेली होडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करायची नाही, हा त्यांचा नियम. त्यापायी वरिष्ठांची बोलणीही खाल्लीत म्हणे. आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं, तर तिचं एकच, जेवतेस ना वेळेवर?

५ जून
शेवटच्या वहीतली शेवटची ओळ. दादाची होडी. निघाली, सकाळी सहा. माणसं : एक. परतीचा रकाना कोरा.
ही ओळ इथे असणार हे ठाऊक होतं, म्हणून तर काम मागून घेतलं. आई अजून दाराला आतून कडी लावत नाही. मला राहवलं नाही, पेन घेऊन रकान्यात खूण केली. वेडेपणा, दुसरं काय. मग पोटभर रडले.

६ जून
सकाळीच आईचा फोन. दादा आलाय म्हणाली. हसत होती, रडत होती. चिंब भिजलाय, किती पुसलं तरी सुकत नाही म्हणाली.

७ जून
दिवेवाल्यांना सांगितलं. ऐकून त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांनीही एकदा अशीच खूण केली होती, धाकट्या भावासाठी. तो आला, तीन दिवस राहिला, जाताना स्वतःच्या बायकोला समुद्रात घेऊन गेला. नियम त्यानंतरचा. खूण खोडली असती तर ती वाचली असती म्हणाले. त्यांचा हात धजला नाही.

८ जून
घरी जाऊन आले. दादाच तो. मला चिमे म्हणाला. खुर्चीखाली पाणी. आई भरवते, घास तसाच बाहेर ओघळतो. चार वर्षांत ती इतकी खूश नव्हती.
वही इथे, म्हणून परत आले. खोडायचं. पण खोडलं तर मीच त्याला पुन्हा बुडवलं —

९ जून
शेजारणीचा फोन. दोघं हात धरून समुद्राकडे निघालीत. आई अनवाणी.
आईला फोन लावला. दादाने घेतला. म्हणाला, चिमे, थांब ना जरा, तिथे फार थंडी वाजते गं —
दादा, माफ कर मला.
खुणेवर अर्धी रेघ मारली. तो ओरडतोय. आई म्हणतेय, अगं नको, पोरी, त्याचा हात माझ्या हातातून —