अकरा पानांचा न्याय

३ जून, सकाळी ७
आजपासून रोज एक कादंबरी. अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्क होतो, अर्जाच्या चार ओळींत माणूस ओळखायचो. कादंबरीला अकरा पानं पुष्कळ झाली. शितावरून भाताची परीक्षा. गल्लीतल्या दॉ साबे बाईंच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातून पहिली आणली, नावाड्याची गोष्ट. शेवटच्या कोऱ्या पानावर लाल पेनाने निकाल लिहिला: 'लेखकाने वल्हं धरावं, लेखणी नको.' खाली सही. गल्लीतल्या वाचकांचे दोन दिवस वाचवले.

५ जून
माझ्यानंतर तेच पुस्तक खिन न्यो वाचते. बायकोचा वेग बैलगाडीचा. म्हणाली, अहो, पुढे बघा तरी, नावाड्याची मुलगी परत येते तिथे मला रडू आलं. मी म्हटलं, तुला कांदा चिरतानाही येतं. पुस्तक उचलून आत गेली. पटलं असावं.

१० जून
विधवेवरची कादंबरी. पहिल्या पानावर विधवा, अकराव्यावरही विधवाच. प्रगती शून्य. निकाल: 'नवरा सुटला.'
दॉ साबे म्हणाल्या, ऊ तुन, तुमची सही दिसली की लोक पुस्तक तिथल्या तिथे खाली ठेवतात. माझ्या शब्दाला एवढा मान असेल असं वाटलं नव्हतं. निदान पेन्सिलीने लिहा, खोडता येईल, असंही म्हणाल्या. दुकानदार बाई, तिला साहित्यातलं काय कळणार.

१६ जून
भयंकर. नावाड्याच्या पुस्तकात माझ्या निकालाखाली बारीक पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय: 'हे गृहस्थ अकराव्या पानापुढे जात नाहीत. तुम्ही जा.' विधवेतही तेच. एकूण नऊ पुस्तकांत. वर दॉ साबे म्हणतात, ती नऊ आता दुकानात टिकत नाहीत.
अक्षर गोल, अर्धशिक्षित. कॉलेजातला कुणी टवाळ. अक्षरावरून माणूस पकडण्यात ऑफिसात माझा हात धरणारा नव्हता. आठवड्यात पकडतो. खिन न्योला बेत सांगितला. ती भोपळ्याची भजी तळत होती. म्हणाली, घरापासून सुरुवात करा. तिला विनोद कधी जमलाच नाही.

२५ जून
खिन न्यो पाथेनला बहिणीकडे गेली. न विचारता. तांदळाच्या डब्यावर दोन पानी पत्र. माशाच्या चटणीची बरणी कुठे, छत्री कुठे, मांजराला काय घालायचं. अकरा ओळी झाल्या तरी कथानक नाही. समासात लिहिलं: 'पाल्हाळ. नायिकेला हवंय तरी काय?' पत्र पुस्तकात खूण म्हणून घातलं. टवाळाचा तपास चालू.

२९ जून, रविवार
धो धो पाऊस. दिवसभर लोळून वाचन. आजच्या कादंबरीत बायको धक्क्यावर बोटीची वाट बघते आणि नवरा घरी घोरतोय. निकाल: 'अशक्य. इतका मठ्ठ नवरा देशात सापडणार नाही.'
जेवण कोरडा भात. बरणी कुठे म्हणाली होती ते विसरलो.

६ जुलै
अजून आलेली नाही. फोन बहीण उचलते आणि ठेवते. शर्ट संपले. निश्चय: खिन न्योने माफी मागितली तरी दोन दिवस बोलायचं नाही. फार तर दीड.

९ जुलै
राहिलेलं पुस्तक परत करायला गेलो. त्यातून पत्र पडलं. दॉ साबेंनी उचललं, अक्षर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. परक्याचं पत्र वाचणं शोभत नाही, असं सुनावणार होतो. त्या हळूच म्हणाल्या, ऊ तुन, बारावी ओळ वाचा.
वाचली. गोल अक्षर.
'इथवर आलात तर माझंच चुकलं म्हणेन. येत्या रविवारी पाथेनच्या स्टँडवर शेवटच्या बसपर्यंत थांबते. उतरलात तर दोघं मिळून घरी येऊ. नाही उतरलात, तर तीस वर्षांपूर्वीच मलाही तुम्ही अकराव्या पानावर मिटलंत असं समजेन. मग मी येणार नाही.'
तो रविवार जाऊन दहा दिवस झाले.
घरी येऊन पत्र पहिल्यापासून वाचलं. बरणी मागच्या फळीवर, डावीकडे. होती. काठोकाठ भरून ठेवलेली. पत्रात पाल्हाळ नाही, एकही ओळ कापण्यासारखी नाही. अगदी खाली तिने 'निकाल' एवढं लिहून पुढे जागा कोरी सोडलीय.
लाल पेन उमटत नाही. शाई संपली असावी.