शिलिंगातला रस्ता

अण्णा, आपल्या शिलिंगातून रस्ता जाणार आहे. साधा रस्ता नव्हे. ज्याच्यावर बैलगाडी चढू देणार नाहीत, मोटारसायकलसुद्धा नाही, असा. दोन्ही अंगांना भिंत, आणि आपलं रान बरोबर मध्ये. वरच्या अंगाला विहीर राहते, खालच्या बांधावरचे लिंब राहतात, आणि ज्याला रान म्हणतात ते मधलं सगळं जातं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तरी ही बातमी आली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता अण्णांना कोण सांगणार? घरात माणसं पुष्कळ आहेत. पण ते रान आधी दुसऱ्याचं म्हणून नांगरलेला आणि मग स्वतःचं म्हणून नांगरलेला माणूस एकच होता.

आताच्या पोरांना शिलिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांना ते रानाचं नावच वाटतं. एका घराकडं किती जमीन असावी याची सरकारनं हद्द घातली, हद्दीवरची काढून घेतली आणि ज्याला गुंठाही नव्हता त्याला वाटली. तो सीलिंगचा कायदा. गावाच्या तोंडात त्याचं शिलिंग झालं. तुम्ही मालकांकडं सालगडी होता, आणि त्यांचं जे रान तुम्ही नांगरत होता तेच तुमच्या नावावर आलं. आईचं माहेर पलीकडं कानडी मुलखात. तिच्या कानावर शिलिंग पडलं आणि तिनं त्याचं शिवलिंग करून टाकलं. सरकारनं महादेवाच्या नावानं रान दिलंय, असं तिनं एकदा ठरवलं ते ठरवलं. विहिरीजवळचा उभट काळा धोंडा धुतला, त्याला विभूती फासली आणि नाव ठेवलं शिलिंगप्पा. येळ अमावस्येला सगळा मुलूख रानात जातो, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतो. आपल्याकडं मात्र पांडवांच्या आधी शिलिंगप्पाला आंबील.

अशाच एका येळ अमावस्येच्या आदल्या दिवसाची गोष्ट. आई चुलीपुढं भज्जी ढवळते आहे, सगळ्या घरात चिंचेच्या कोळाचा आणि बेसनाचा वास भरलाय. मी नुकताच तालुक्याला शिकायला लागलेला, त्यामुळं शहाणपण अंगात मावत नव्हतं. मी म्हणालो, "आई, शिलिंग देव न्हाय. कायदा हाय. इंग्रजी शब्द हाय त्यो." ती नुसती हसली आणि चुलीत काटूक सारलं. तुम्ही मात्र मला हाताला धरून दाराबाहेर नेलंत. गोठ्यापाशी उभं केलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "तोंड आवर. कायद्यानं दिलं म्हणलं की कायदा परत नील बी, ही भीती बसती. देवानं दिलं म्हणलं की तिला झोप लागती. तुझ्या इंग्रजीपायी तिची झोप नको घालवू." तुम्ही मला कधी मारलं नाहीत. पण ते बोलणं गालावर बसल्यासारखं बसलं. त्यानंतर मी पण शिलिंगप्पाच म्हणत आलो.

तुम्ही म्हणायचा, ह्याचे कान सशाचे हायत. त्या कानांवरच मी उभा राहिलो, अण्णा. आधी मोटारी दुरुस्त करायला लागलो. पाण्यातली मोटार बाहेर काढायच्या आत, आवाज ऐकूनच सांगायचो की बेअरिंग गेलंय का वाइंडिंग जळालंय. मग बी-खताचं दुकान. गिऱ्हाईक काय मागतंय ते सगळेच ऐकतात. मागताना कुठं थांबतंय ते ऐकलं की धंदा होतो. आता लोहाऱ्यात एक, नळदुर्गात एक आणि सास्तूरला एक, अशी तीन दुकानं आहेत. माणसांत बसायला आवडतं, चार विनोद येतात, म्हणून शेतकऱ्यांच्या संघटनेनं मला तालुक्याचा अध्यक्ष केला. अध्यक्ष म्हणजे फार काही नाही. हार कमी, चहा जास्त. पण रस्ता आला आणि त्या खुर्चीला एकदम खिळे फुटले.

रस्त्याविरुद्ध आमची भूमिका कागदावर आणायची होती. बैठक माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, खताच्या गोण्यांमध्ये. पाच-सहा जण होतो. त्यात उपाध्यक्ष म्हणजे आपल्या मालकांचा नातू. वयानं माझ्याएवढाच. आम्ही रोज एकत्र चहा पितो, एकमेकांच्या लेकरांच्या लग्नात राबलोय. तो मला अध्यक्ष म्हणतो. माझ्या तोंडातून अजून धाकले मालकच निघतं, त्याला मी काय करू? पहिलं कलम चुटकीसरशी झालं: शेतकऱ्याच्या संमतीशिवाय जमीन घ्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग धाकले मालक म्हणाले, "आता दुसरं लिवा. शिलिंग रद्द करा. त्या कायद्यानं घेतल्या त्या जमिनी म्हंजे शेतकऱ्यावर अन्याय झाला, असं सपष्ट लिवा."

मी हसून म्हणालो, "धाकले मालक, शिलिंग रद्द झालं तर मला उद्या तुमच्याकडं सालानं राहावं लागंल."

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "तुम्हाला कोण ठेवतंय? तुम्ही खाता लई." आणि मग हसू तसंच ठेवून पुढं बोलला, "चेष्टा सोडा, अध्यक्ष. संमतीबिगर घेणं वाईट, हे आपलं म्हणणं. मग आमच्या आज्जाची संमती कुणी इचारली होती? आता तुमच्यावर आलं म्हणून वाईट, आणि आमच्यावर आलं तवा चांगलं? कारखानदारानं किती कारखाने काढावं, त्याला हद्द न्हाय. तुमची तीन दुकानं हायत. सरकार म्हणलं का, दोन ठेवा आणि तिसरं गोण्या उचलणाऱ्याला द्या?"

गोण्या उचलणारा माझा गडी पलीकडंच थप्पी लावत होता. माझ्या कानांना कळलं, थप्पी लावायची थांबली.

मी खूप डोकं चालवलं. शेवटी एक शब्द सापडला: यापुढे. 'यापुढे कोणाचीही जमीन संमतीशिवाय घेऊ नये.' मागचं झाकलेलं राहतं, पुढचं वाचतं. मला वाटलं जमलं. पण बैठकीत आमचे वकील होते. ते म्हणाले, "अध्यक्ष, यापुढे लिहिलं की मागं झालं ते बरोबर झालं, असं आपणच कबूल केलं. उद्या सरकार म्हणेल, तेव्हा लोकांच्या भल्यासाठी घेतली, आताही लोकांच्या भल्यासाठीच घेतोय." धाकल्या मालकांनी चहाची कपबशी खाली ठेवली. अगदी हलकेच ठेवली. माणूस चिडून भांडं आदळतो तेव्हा मी घाबरत नाही. असं हलकेच ठेवतो तेव्हा घाबरतो. ते म्हणाले, "यापुढं काढा. न्हायतर आमचं घर आन् आमची भावकी संमती देऊन मोकळी हुती. मग तुम्ही एकलेच आडवे पडा रस्त्याला." शिवारातल्या रस्त्याची निम्मी लांबी त्यांच्या भावकीच्या रानातून जाते. त्यांनी सोडलं की आपलं रान असंही गेलंच. म्हणजे बघा अण्णा, शिलिंग वाचवायचं तर शिलिंग अन्यायाचं होतं म्हणायचं. आणि तसं नाही म्हणायचं तर शिलिंग घालवायचं. दोन्ही दारं आतूनच बंद. मी यापुढे खोडलं.

खोडताना मला तुमचा तो दिवस दिसत होता. रान नावावर झाल्यानंतरची पहिली ज्वारी उभी आहे, हुरड्यात आलेली, आणि थोरले मालक एकटेच बांधावरून चालत येतायत. मला वाटलं, आता भांडण होणार. तुम्ही खांद्यावरचं घोंगडं काढून अंथरलंत, त्यांना बसवलंत, आगटीत कणसं भाजून त्यांच्या पुढ्यात चोळलीत. तुम्ही स्वतः मात्र घोंगड्यावर बसला नाहीत, मातीवर बसलात. ते बराच वेळ खात राहिले आणि मग म्हणाले, "ग्वाड हाय रं माझं रान." तुम्ही मान खाली घालूनच म्हणालात, "मालक, म्या मागितलं नव्हतं. पर दिलेलं सोडणार बी न्हाय." ते उठले, धोतर झटकलं, जाताना तुमच्या खांद्यावर हात ठेवून गेले. इतकी वर्षं मी ठराव लिहितोय, निवेदनं देतोय. जमीन कुणाची यावर आमच्या संघटनेनं रीमच्या रीम कागद काळे केलेत. पण तुमच्या त्या बोलण्यात जे होतं ते एकाही कलमात बसवता आलं नाही. कलमात हो असतं किंवा नाही असतं. तुम्ही दोन्ही एका दमात बोललात आणि वर हुरडाही खायला घातलात.

मग वाचनाचा दिवस. लोहाऱ्यात मंडप टाकला होता, माणसं भरपूर. भूसंपादनाच्या अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम आल्या होत्या. मी अध्यक्ष, म्हणून वाचणारही मीच. पहिलं कलम वाचलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्याला जीभ अडखळली. 'कमाल जमीन धारणा कायद्याने झालेला अन्याय' या ठिकाणी अन्यायच्या आधी मी एकदा थांबलो, पाणी प्यालो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मॅडमनी कागद घेतला, गटांची यादी उघडली आणि फार नम्रपणे म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तुमचा स्वतःचा गट सीलिंगमधूनच वाटप झालेला दिसतोय. तो अन्याय होता असं तुम्हीच म्हणताय. मग ही जमीन कोणाची धरू?"

मी माइक तोंडाजवळ घेतला. "धरा म्हणजे? मॅडम, आधी सोडा तर!" हसण्याचा लोंढा आला, शिट्ट्या आल्या, मॅडमही हसल्या. सभा जिंकली. मोजणी पुढं ढकलली. माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती. त्या सगळ्या गलक्यात माझ्या कानांनी मात्र शेजारच्या खुर्चीवरून धाकल्या मालकांचा एक शब्द टिपला. मॅडमच्या प्रश्नाला, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्यांनी उत्तर दिलं होतं. "आमची." त्यात राग नव्हता. झोपेत बोलावं तसं ते बोलले. थोड्या वेळानं आम्ही दोघांनी एकाच ताटातले पेढे खाल्ले.

घरी आलो तर आई ओसरीवर बसलेली. नातीनं मोबाईलवर तिला सभा दाखवली होती. ती आता फार थकलीय, अण्णा. नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. कान मी तिचेच घेतलेत. म्हणाली, "शिलिंग रद्द करा म्हणून वरडत हुतास जणू."

मी म्हणालो, "आई, तो आपला शिलिंगप्पा न्हाय. त्यो येगळा. कायद्याचा शब्द हाय."

"मला शिकवतूस व्हय?" ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? रान आलं त्या दिवशीच कळलं हुतं. पर तुझा बाप रातच्याला उठून बसायचा. मालक नेतील, सरकार नील, म्हणून घामाघूम हुयाचा. मग म्याच म्हणलं, देवाचं हाय, देवाचं कोण न्हेतंय? तवा कुठं आडवा व्हायला लागला."

मी तसाच दारात चपला न काढता उभा राहिलो. तुम्ही तिला सांभाळत होता आणि ती तुम्हाला. त्या धोंड्यावर मनापासून विश्वास ठेवणारा घरात कुणीच नव्हता, आणि तरी तुम्ही दोघं त्याच्या जिवावर झोपलात. मग ती म्हणाली, "आता तू सांग. देवाचं न्हाय, कायद्याचं बी न्हाय म्हणून तूच वाचून आलास. मग रान राखायचं कुणाचं म्हणून?" मी म्हणालो, "भूक लागलीय, वाढायला सांग." तिनं सांगितलं.

आता आमचं निवेदन जिल्ह्यापर्यंत गेलंय. बाकीच्या तालुक्यांनाही ते आवडलं. जसंच्या तसं, दोन्ही कलमांसकट, सगळीकडं वाचायचं ठरलंय, आणि आवाज चांगला म्हणून वाचायला मलाच बोलावतात. नाही म्हणालो तर धाकले मालक एकदा माझ्याकडं बघतील, आणि कपबशी पुन्हा हलकेच खाली ठेवतील. म्हणून जातो. काल धाराशिवला वाचून आलो. दुकानातली दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, पंखा कुरकुरतोय, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसलो. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. आणि ठेवायचंही नाही. संघटनेच्या कुणाच्या हाती लागलं तर पंचाईत. गडी पाणी घेऊन यायच्या आत फाडीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दुसऱ्या कलमाला माझी जीभ अडखळली होती. नंतर अडखळायची थांबली, मग ते पाठच झालं. आणि काल वाचताना, अण्णा, ते मला जरासं पटलं.